माझ्या पोटाखालचा कागद

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा गरीब स्वभावाच्या असतात. त्या सुस्कारे टाकतात, डोळे पुसतात आणि सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मला ते जमणार नाही. मी दातांच्या दवाखान्यात उभा जन्म काढला, पण मला स्वतःला दात नाहीत. असते तर मी ते रागाने करकर खाल्ले असते.

मी खिडकीची काच नाही आणि आरशाचीही नाही. मी पोस्टकार्डाएवढी लांबरुंद आणि अंगठ्याएवढी जाड आहे. माझा जन्म काच कापण्याच्या एका कारखान्यात झाला. एका जाड तावदानातून मला कापून काढले तेव्हा माझ्या चारही कडा अशा धारदार होत्या की हात लावणाऱ्याचे रक्त निघावे. तिथे एक म्हातारा कारागीर होता. त्याने मला फिरत्या चाकावर पाणी सोडत सोडत घासले. घासून झाल्यावर त्याने डोळे मिटून माझ्या कडांवरून अंगठा फिरवला. तीन कडा त्याला पसंत पडल्या, चौथी पडली नाही. त्याने मला पुन्हा चाकावर धरले. त्याला कोणी विचारणारे नव्हते, मुकादम जेवायला गेला होता. तरीही त्याने चौथी कड पुन्हा घासली. काम कसे करायचे ते मी त्या दिवशी शिकले, आणि म्हणूनच पुढे जे पाहिले त्याचा मला इतका राग आला.

तिथून मी एका दवाखान्यात आले. दवाखाना लहानसाच होता. बाहेर भिंतीला लागून एक बाक होते, बाकासमोर नावे लिहायचे टेबल होते आणि टेबलामागच्या दारातून आत गेले की पेशंटची खुर्ची. डॉक्टरीणबाई तेव्हा तरुण होत्या. त्यांच्या नाकावर माशी बसलेली खपत नसे, पण हात सोन्याचा होता. त्यांच्या मदतीला एक बाई होत्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. डॉक्टरीणबाईही मावशीच म्हणत आणि बाकावर बसलेले सत्तर वर्षांचे आजोबाही मावशीच म्हणत.

माझे काम काय, ते नीट समजून घ्या. दात किडून कीड आतल्या नसेपर्यंत पोचली की डॉक्टर ती नस काढून टाकतात. मग दाताच्या मुळात एक रिकामी नळी उरते, केसाहून थोडी रुंद. ती साफ करून तिच्यात रबरासारख्या गुलाबी काड्या भरतात. पण काडी आणि नळीची भिंत यांच्यामध्ये बारीक फटी राहतात. त्या फटींतून जंतू आत शिरले की केलेले सगळे काम पाण्यात जाते. म्हणून काडीला एक लेप लावून मगच ती आत घालतात. या लेपाला सीलर म्हणतात. तो फटींत शिरतो, घट्ट होतो आणि दाराला आतून कडी घालतो. हा लेप माझ्या पाठीवर कालवला जाई.

त्या काळी पांढरी पूड आणि लवंगेचे तेल असा लेप असे. मावशी माझ्यावर पुडीचा छोटा ढीग करीत, शेजारी तेलाचे दोन थेंब टाकीत आणि लांब पात्याने थोडी थोडी पूड तेलात ओढून घोटत. घाई केली तर गुठळ्या होत. तेल जास्त झाले तर लेप वाहून जाई. झाले की नाही ते पाहायची एक खूण होती. पाते लेपात बुडवून हळूच वर उचलायचे. इंचभर तार निघाली पाहिजे आणि ती तुटता कामा नये. तार नीट निघाली की मावशी मान न वळवता म्हणत, "झालं, मॅडम." तार तुटली तर त्या एक शब्दही न बोलता सगळे पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करीत.

आणखी एक पद्धत होती. ही पद्धत लक्षात ठेवा, कारण माझी सारी कहाणी तिच्यावर उभी आहे. दातात लेप भरून झाला की उरलेल्या लेपाचा मसुराएवढा ठिपका माझ्या कोपऱ्यावर ठेवायचा आणि मला तशीच बाजूला ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठिपका नखाने दाबून पाहायचा. नख रुतले नाही तर दातातला लेपही धरला असणार. रुतले तर पेशंटला परत बोलवायचे. दाताच्या आत कोणाला डोकावता येत नाही, म्हणून हा बाहेरचा साक्षीदार. ही शिस्त स्वतः डॉक्टरीणबाईंनी घालून दिली होती. पहिल्याच आठवड्यात त्या मावशींना म्हणाल्या होत्या, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, मावशी. ठिपक्यावर ठेवा."

किती चांगल्या होत्या हो त्या तेव्हा. पुढे दोन नळ्यांतून येणारा, चिकट रेझिनचा लेप आला. मग डॉक्टरीणबाईंकडे दोन प्रकार झाले आणि प्रत्येक दाताला त्या थांबून विचार करीत. "आज लवंगवालं नको, मावशी. या दाढेत वरून रेझिनच्या गोंदानं खुंटी बसवायचीय. लवंगेचं तेल राहिलं तर तो गोंद धरत नाही." एखाद्या दिवशी म्हणत, "या बाईंना सारखं यायला जमत नाही, लांबून येतात. लवकर घट्ट होणारं काढा." दात पाहून लेप ठरे. कपाटात पुढे कोणता डबा आहे ते पाहून ठरत नसे. कोणताही लेप असला तरी डॉक्टरीणबाईंचा एक नियम मात्र पक्का होता. भरण्याआधी नळी कोरडी ठणठणीत हवी. कागदाच्या बारीक वाती एकामागून एक आत घालून त्या ओल टिपून घेत. शेवटची वात कोरडी निघाली तरी वर स्पिरिटचा बोळा फिरवीत आणि हवा मारीत. त्या लेपांना ते बरोबरच होते. पाणी लागले की ते बिघडत. "कोरडं म्हणजे कोरडं," असे त्या म्हणत, आणि बावीस वर्षांत त्या वाक्याने त्यांना कधी दगा दिला नाही.

याच वाक्याने पुढे घात केला.

डॉक्टरीणबाईंचा मुलगाही दातांचाच डॉक्टर झाला. बाकावरची माणसे त्याला धाकटे डॉक्टर म्हणत. दुसऱ्या शहरात त्याने आपला दवाखाना काढला होता. एकदा तो आईला भेटायला आला आणि येताना एक चपटे खोके घेऊन आला. खोक्यात एक बारीक पिचकारी होती. तिच्यात लेप तयारच भरलेला होता. पूड नाही, तेल नाही, कालवणे नाही.

"आई, आता हेच वापर," तो म्हणाला. "नुसतं दाबायचं की झालं. मावशींची घोटाघोट संपली."

"एवढं सोपं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"एवढं सोपं. आत कागद आहे, त्यात सगळं दिलंय."

त्या कागदाची घडी उलगडली तर तो टेबलभर पसरला. अक्षरे मुंग्यांएवढी. डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वरच्या दोन ओळी पाहिल्या आणि चष्मा पुन्हा वर सरकवला. एवढ्यात बाहेरून कोणीतरी खोकले. त्यांनी कागदाची घडी घातली, ती टेबलावर टाकली, पंख्याने उडू नये म्हणून त्यावर काहीतरी ठेवायला शोधले, आणि मला उचलून त्यावर ठेवले.

अशी मी कामावरून निघाले आणि कागदावरचे वजन झाले. मला त्याचे वाईट वाटले का? वाटले. पण मी रागावले ती त्यामुळे नाही. जुन्या वस्तूला बाजूला व्हावे लागते, एवढे मला कळते. मी रागावले ती पुढच्या आठवड्यात. घडी अशी पडली होती की कागदाचा मधला भाग बरोबर माझ्या पोटाखाली आला होता. जाड काचेखाली अक्षरे जरा वर उचलल्यासारखी दिसतात. दिवसभर दुसरे काम नाही, हलायची सोय नाही. एकच कागद पोटाशी धरून इतके दिवस बसले तर दगडही वाचायला शिकेल. मी वाचले. तिथे लिहिले होते की हा लेप ओलाव्याने घट्ट होतो. नळी पूर्ण कोरडी करू नये. स्पिरिट वापरू नये. दातात जी थोडी ओल असते तीच या लेपाला लागते.

आणि माझ्या समोर, उघड्या दारातून मला दिसत होते, डॉक्टरीणबाई एकामागून एक वाती घालून नळी टिपत होत्या, स्पिरिटचा बोळा फिरवत होत्या, हवा मारत होत्या, आणि मग तो नवा लेप आत सोडत होत्या.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी तेव्हाच ओरडले असते. तळपायाची आग मस्तकाला जाणे म्हणजे काय ते तळपाय नसूनही मला कळले. ज्यांना वाचता येत होते त्यांनी वाचले नाही. त्यांच्या हातात कसब होते, नावाला मान होता, आणि नेमके त्यामुळेच त्यांना वाटले की लेप नवा असला तरी आपला हात तोच आहे. नवखा डॉक्टर असता तर भीतीने तरी कागद वाचला असता.

आता मावशींचे ऐका. कालवायचे काम गेले तरी त्यांनी ठिपक्याची पद्धत सोडली नाही. पेशंट गेला की पिचकारीच्या टोकावर उरलेला लेप त्या माझ्या कोपऱ्यावर टेकवीत. मी कागदावर बसलेली असले तरी माझी पाठ मोकळीच होती. पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी नखाने दाबले. नख रुतले. दुसऱ्या दिवशी रुतले. चार दिवसांनीही रुतले. मावशींच्या कपाळाला आठी पडली.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितले, "मॅडम, हे धरत नाही."

"ते काचेवर नाही धरत, मावशी. दातात धरतं. नवीन आहे ते," डॉक्टरीणबाई हातमोजे चढवता चढवता म्हणाल्या.

तरी मावशी ठिपके ठेवीत राहिल्या. एकदा टेबल पुसताना ओल्या कापसाचा एक बोळा माझ्या कोपऱ्यावर राहिला, नेमका त्या दिवशीच्या ठिपक्यावर. सकाळी त्यांनी बोळा उचलला आणि सवयीने नख दाबले. ठिपका खड्यासारखा टणक झाला होता. मग त्यांनी मुद्दाम दोन ठिपके ठेवले, एक कोरडा आणि एक ओल्या कापसाखाली. दुसऱ्या दिवशी तेच झाले. त्यांनी दोन्ही ठिपक्यांशेजारी चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि पेनाने तारीख घातली. चौथीपर्यंत शिकलेली बाई. ती मुंग्यांएवढी अक्षरे त्यांना चष्म्यातूनही दिसत नव्हती. पण माझ्या पोटाखाली जे छापले होते तेच त्यांनी माझ्या पाठीवर शोधून काढले.

पुन्हा त्या सांगायला गेल्या. "मॅडम, याला पाणी लागतंय. कोरडं ठेवलं की हे झोपूनच राहतं."

डॉक्टरीणबाई हसल्या. हसणे वाईट नव्हते, पण मला ते विसरता येत नाही. "मावशी, नळीत पाणी ठेवून भरू? कॉलेजात असं बोलले असते तर मला हाकलून दिलं असतं." बाकावरचे दोघे-तिघेही हसले. मावशींनी पदर खोचला आणि त्या नावे लिहायला बसल्या. पुन्हा त्या काही बोलल्या नाहीत.

याच दिवसांत बँडकाका आले. ते एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. अंगाने बारीक, बोलायला हळू, आणि हातात सतत त्या वाद्याची काळी पेटी. त्यांचा वरचा पुढचा दात आतून सडला होता. क्लॅरिनेटचे तोंड नेमके वरच्या पुढच्या दातांवर टेकते, हे त्यांनी बोट लावून दाखवले होते. "हा गेला तर माझं वाजवणं गेलं, डॉक्टर. नवा दात बसवून वाजवणारे आहेत, पण या वयात माझे ओठ नव्यानं शिकायचे नाहीत," असे ते म्हणाले होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांना शब्द दिला की दात राहील. आणि मग आपल्या पद्धतीने नळी ठणठणीत कोरडी करून तो भरला.

अडीच महिन्यांनी बँडकाका परत आले ते वरचा ओठ सुजवून. दाताच्या वर हिरडीला टपोरा फोड आला होता. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी दात पुन्हा उघडला. गुलाबी काडी खरे तर खेचूनही निघू नये, पण चिमट्याने धरताच ती सुळकन बाहेर आली. तिला चोपडलेला लेप अजून ओल्या चुन्यासारखा मऊ होता.

डॉक्टरीणबाई चिमटा हातात घेऊनच बाहेर आल्या. बाकावर चार माणसे बसली होती. दार सताड उघडे होते. त्यांनी ती काडी मावशींच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे, मावशी?"

मावशी उभ्या राहिल्या. "लेप आहे, मॅडम."

"अडीच महिन्यांनी मऊ? पिचकारीचं टोपण उघडं टाकलंत तुम्ही. का फ्रीजमध्ये कोंबून ठेवली होती? बावीस वर्षं झाली आणि एक टोपण लावता येत नाही?"

"टोपण मी लावते. आणि ते उघडं राहिलं असतं तर ओल लागून लेप आतच घट्ट झाला असता. हा तर मऊ..."

"मला शिकवू नका." आवाज इतका चढला की बाकावरच्या बाईंनी मासिक खाली घेतले. "त्या माणसाचं पोट त्या दातावर आहे. तुमच्या निष्काळजीपणानं तो दात चाललाय. उद्यापासून येऊ नका. किल्ली ठेवा आणि जा."

मावशींच्या डोळ्यांत पाणी आले नाही. त्यांनी एप्रन काढला, त्याची चौकोनी घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवली. कनवटीची दवाखान्याची किल्ली काढली आणि ठेवायला दुसरी जागा नसल्यासारखी ती माझ्यावर ठेवली, दोन ठिपक्यांच्या शेजारी. बावीस वर्षे रोज सकाळी कुलूप उघडणारी किल्ली. तिचे वजन मला अजून आठवते. पोटाखाली खरे कारण छापलेले, पाठीवर त्याचा पुरावा तारखेसकट, आणि मधोमध मी, मुकी. माझ्यासारख्या आरपार वस्तूतून सगळ्यांना पलीकडचे दिसते, म्हणून कोणी माझ्याकडे पाहतच नाही.

मावशी चपला घालत होत्या, एवढ्यात आतून बँडकाका बाहेर आले. गळ्यात निळा कागद अडकवलेला, ओठाखाली कापूस.

"माझ्या दाताचं चाललंय म्हणून आलो," ते म्हणाले. "ते औषध बघू का मी?"

"काका, आत बसा. मी सांगते तुम्हाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पण काका टेबलाशी आले होते. तिथे ते चपटे खोके होते आणि खोक्यावर जे चित्र होते तेच त्यांना माझ्यातून खालच्या कागदावर दिसले. त्यांनी किल्ली एका बोटाने बाजूला सरकवली आणि ते वाकले. "आमच्याकडे नवं वाद्य आलं की आधी बरोबरचा कागद वाचतो मी," ते कोणाला उद्देशून न बोलता म्हणाले. "नाहीतर पहिल्याच आठवड्यात लाकूड तडकतं." मग त्यांनी माझ्यावर नाक टेकेल इतके खाली वाकून, एकेक शब्द लावत, मोठ्याने वाचले. "नळी पूर्ण कोरडी करू नये. लेप घट्ट होण्यासाठी... दातातला ओलावा आवश्यक. स्पिरिट वापरू नये."

ते सरळ झाले. "डॉक्टर, मागच्या वेळी मला स्पिरिटचा वास आला होता."

डॉक्टरीणबाईंनी चिमटा टेबलावर ठेवला. त्यांनी मला उचलले, तेव्हा किल्ली घसरून खाली पडली. कागद एका हातात आणि मी दुसऱ्या हातात, अशा त्या उभ्या राहिल्या. कागद त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. हे काम तीन महिन्यांपूर्वीच करायचे होते. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. माझ्या कोपऱ्यावर दोन ठिपके होते आणि मावशींच्या अक्षरात तारीख.

"हा कोरड्यातला," मावशी दारातूनच म्हणाल्या. "तो दुसरा ओल्या कापसाखालचा."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजा काढला आणि नखाने एक ठिपका दाबला, मग दुसरा. पहिल्यात नख रुतले, दुसऱ्यात रुतले नाही. त्यांनी मान वर केली. "काका, दोन मिनिटं थांबा. मावशी, जरा आत या."

मावशी आत आल्या. डॉक्टरीणबाईंनी दार लोटून घेतले. मी अजून त्यांच्या हातातच होते, म्हणून पुढचे मी ऐकले. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, चुकलं माझं. रागाच्या भरात बोलून गेले. मनावर घेऊ नका. एप्रन घाला."

मावशी एप्रन आणायला वळल्याही नाहीत. "मॅडम," त्या म्हणाल्या, "मला बोललात तेव्हा दार उघडं होतं."

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूच्या संगमरवरी कट्ट्यावर ठेवले, ठेवले कसले, हातातून जवळजवळ सोडलेच. कट्ट्याच्या कडेवर आपटून माझा एक कोपरा उडाला. ते त्यांना कळलेही नाही. त्यांनी जाऊन दार उघडले आणि त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, बाकावरची चार माणसे आणि बँडकाका यांच्यासमोर.

"मघाशी मी मावशींना जे बोलले ते खोटं होतं," त्या म्हणाल्या. "टोपणाचा काही संबंध नाही. चूक माझी आहे. औषधाबरोबरचा कागद मी वाचला नाही. मावशींनी मला दोनदा सांगितलं होतं, तेही मी ऐकलं नाही."

बाकावरचे एक आजोबा गालाला हात लावून उठले. "मग माझ्या दाढेचं काय? गेल्याच आठवड्यात भरलीत तुम्ही."

"तीही पाहीन, आजोबा. ज्यांचे ज्यांचे दात या औषधानं भरलेत त्या सगळ्यांना बोलावणार आहे. मावशी, वहीतली नावं काढाल?"

तेव्हा कुठे मावशी बाहेर टेबलाशी आल्या आणि खाली वाकल्या. त्यांनी जमिनीवरची किल्ली उचलली आणि कनवटीला लावली.

नावे निघाली सतरा. त्यांतले काही जण ओरडले, दोघे दुसऱ्या डॉक्टरकडे निघून गेले. ओरडणाऱ्यांचे बरोबरच होते आणि डॉक्टरीणबाईंनी मान खाली घालून ते ऐकून घेतले. बँडकाकांची नळी पुन्हा साफ झाली, फोड बसेपर्यंत थांबून मग भरली गेली. या वेळी स्पिरिटची बाटली कपाटात राहिली. मावशी शेजारी उभ्या राहून वाती मोजत होत्या. "बास, मॅडम," त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी हातातली वात परत ठेवली. त्या दिवशीचा ठिपका मावशींनी माझ्या उरलेल्या एका कोपऱ्यावर ओल्या कापसाखाली ठेवला. सकाळी मावशींनी कुलूप उघडण्याआधीच डॉक्टरीणबाई येऊन उभ्या होत्या. नख त्यांनी स्वतः दाबले. रुतले नाही. काकांचा दात राहिला. पावणेदोन महिन्यांनी ते पेटी घेऊन आले आणि बाकासमोर उभे राहून त्यांनी एक लहानशी धून वाजवली. दुखऱ्या दाढांची माणसेसुद्धा ऐकत बसली.

आता तुम्ही म्हणाल, सगळे गोड झाले, मग तू अजून का रागावलेली? कारण ते गोड होणे केवळ योगायोग होता. एका वाजवणाऱ्याला कागद वाचायची सवय होती, म्हणून. ती नसती तर मावशी घरी बसल्या असत्या, टोपण उघडे टाकणारी बाई म्हणून. पेशंट येत राहिले असते आणि नळ्या ठणठणीत कोरड्या होत राहिल्या असत्या. ज्याच्या हाती खुर्ची त्याचे खरे आणि ज्याच्या हाती फडके त्याचे खोटे, असे त्या दिवशी अर्धा तास चालले होते. तो अर्धा तास मी विसरणार नाही.

माझा कोपरा उडाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नवी काच आणू. मावशी नको म्हणाल्या. त्यांनी उडालेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळली आणि मला पुन्हा टेबलावर ठेवले. आता नवे खोके आले की त्यातला कागद माझ्या पोटाखाली जात नाही. तो माझ्या पाठीवर ठेवतात आणि डॉक्टरीणबाई तो मोठ्याने वाचतात. मावशी ऐकतात आणि मध्येच विचारतात, "याला कोरडं की ओलं?" उत्तर सापडेपर्यंत खोके उघडत नाही.

मित्रांनो, एवढेच मागते. नवी वस्तू हाती आली की आपल्या जुन्या सवयीचा हात जरा मागे ठेवा. तिच्याबरोबरचा कागद वाचा, आणि शेजारी उभे राहून पुसणारे, मांडणारे, मोजणारे माणूस काही सांगत असेल तर त्याच्याकडे वळून पाहा. आणि कधी कोणावर खापर फोडलेत आणि नंतर कळले की चूक आपली होती, तर क्षमा मागायला कोपरा शोधू नका. ज्या आवाजात बोललात त्याच आवाजात, त्याच माणसांसमोर, दार उघडून मागा. माझ्या कोपऱ्यावरची चिकटपट्टी अधूनमधून सुटते आणि डॉक्टरीणबाईंच्या बोटाला धार लागते. मावशी लगेच नवी पट्टी लावतात. मला विचाराल तर त्यांनी जरा उशिराच लावावी.